हाक पोचली पाहिजे : अग्निशामक दलांची बिनतारी यंत्रणा



कामगार-चळवळीतल्या माणसाने पगार, बोनस, रजा यांवर बोलावे. बिनतारी लहरींवर बोलण्याचा त्याला काय अधिकार, असा प्रश्न विषयाचे नाव वाचून कोणाच्या मनात आला असेल, तर तो रास्तच आहे. माझे शाळेतले शिक्षण नववीत थांबले. पुढचे पदार्थविज्ञान मी सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्यातल्या वायरमन मंडळींच्या संगतीत शिकलो. तेव्हा शास्त्रज्ञ म्हणून मी आपल्यापुढे उभा नाही. परंतु ज्या यंत्राबद्दल मी बोलणार आहे ते प्रयोगशाळेतले यंत्र नव्हे. ते कामगाराचे हत्यार आहे. गवंड्याची थापी, विणकराचा धोटा, तसा बंबवाल्याच्या अंगावर अडकवलेला बिनतारी संच. आणि कामगाराच्या हत्यारावर बोलण्याचा अधिकार कामगार-संघटकाला कोणाकडे मागावा लागत नाही.

दुसरे कारण दिवसांचे आहे. आपली व्याख्यानमाला वसंतात भरते, आणि याच दिवसांत १४ एप्रिल येतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाच्या जहाजाला आग लागली. जहाजावर कापसाच्या गासड्या होत्या आणि स्फोटकेही होती. आग विझवण्याचे काम चालू असतानाच स्फोट झाला व मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जवान प्राणांस मुकले. तो दिवस आता देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. आपण हार घालतो, दोन मिनिटे उभे राहतो. ते योग्यच आहे. पण हार घालून झाल्यावर एक प्रश्नही विचारला पाहिजे : आगीत शिरलेल्या माणसाची हाक बाहेर कशी येते, आणि बाहेरचा हुकूम त्याच्या कानी कसा पडतो? आज तोच प्रश्न घेऊ. मुख्य उदाहरण मी न्यूयॉर्क शहराचे देणार आहे. तिथे या यंत्रणेची कसोटी लागली, पुढे सरकारी चौकशी झाली, आणि मिनिटामिनिटाचा हिशेब छापून लोकांपुढे ठेवला गेला. असा उघडा हिशेब क्वचितच हाती लागतो.

घंटेपासून आवाजापर्यंत

आगीची वर्दी विजेने देण्याची पहिली शहरव्यापी व्यवस्था अमेरिकेतल्या बोस्टन शहरात १८५२ साली झाली. विल्यम चॅनिंग नावाचे डॉक्टर आणि मोझेस फार्मर नावाचे यंत्रज्ञ, या दोघांची ती कल्पना. रस्त्यांवर ठिकठिकाणी पेट्या बसवलेल्या होत्या. पेटीतला दांडा फिरवला की तारायंत्रावरून त्या पेटीचा क्रमांक मध्यवर्ती कचेरीत उमटे, आणि कोणत्या भागात आग आहे ते कळे. या यंत्रणेने 'आग कुठे?' या एका प्रश्नाचे उत्तर दिले. 'आगीत काय चालले आहे?' हा दुसरा प्रश्न मात्र तसाच राहिला. बंब निघाला की त्याचा जगाशी संबंध तुटे.

तो संबंध बिनतारी यंत्राने जोडला. १९२८ साली डेट्रॉइटच्या पोलिसांनी आपल्या गाड्यांत बिनतारी ग्राहक बसवले. पण ते फक्त ऐकण्याचे होते, उत्तर देण्याची सोय नव्हती. १९३३ साली एडविन आर्मस्ट्राँग यांना एफ.एम. पद्धतीची पेटंटे मिळाली. विजेच्या ठिणग्यांनी होणारी खरखर या पद्धतीत खूपच कमी होते. धावत्या गाडीतून बोलणे आणि ऐकणे दोन्ही साधू लागले. मग ट्रान्झिस्टर आला, यंत्र लहान झाले, गाडीतून उतरून माणसाच्या हातात आले. आणि खरी अडचण तिथेच सुरू झाली. गाडी रस्त्यावर उभी असते, तिच्या डोक्यावर आकाश असते. माणूस जिना चढून काँक्रीटच्या पोटात शिरतो.

लहरींचे गणित

ही अडचण समजून घ्यायला थोडे गणित लागते. घाबरू नका, भागाकारापलीकडचे नाही.

बिनतारी लहर सेकंदाला किती वेळा हेलकावते त्याला कंप्रता म्हणतात. सेकंदाला दहा लाख हेलकावे म्हणजे एक मेगाहर्ट्‌झ. लहरीची लांबी काढायची तर ३०० या आकड्याला मेगाहर्ट्‌झच्या आकड्याने भागावे. उत्तर मीटरमध्ये येते. अमेरिकेतील अग्निशामक दले मुख्यतः तीन-चार पट्ट्यांत बोलतात. एक पट्टा १५० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा; तिथे लहर दोन मीटर लांब. दुसरा ४५० च्या पुढचा. तिथे लहर सुमारे ६७ सेंटीमीटर. तिसरा ७०० ते ८०० च्या घरातला. ८०० ला लहर साडेसदतीस सेंटीमीटर.

लांब लहर टेकड्या-झाडांना वळसा घालून दूर जाते, म्हणून खेडोपाडी आणि जंगलात ती उपयोगी. आखूड लहर खिडकी, दार, जिन्याची पोकळी यांतून आत घुसते, म्हणून दाट शहरात तिला मान. पण दोघींचाही एक समान शत्रू आहे : लोखंड. लोखंडी सळ्यांची जाळी घातलेला काँक्रीटचा मजला म्हणजे लहरीला पिंजराच. एक मजला ओलांडताना तिचे बळ घटते, दुसरा ओलांडताना आणखी घटते. उन्हाची तिरीप अडवण्यासाठी आजकाल काचेवर धातूचा पातळ लेप देतात. तोही लहरीला अडवतो. हातातल्या संचाचे बळ दोन ते पाच वॅट, म्हणजे रात्री लावतो त्या झिरोच्या दिव्याहूनही कमी. तेवढ्या बळावर चाळिसाव्या मजल्यावरचा माणूस तळमजल्याशी बोलणार कसा?

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. लहरींचे हे पट्टे गावच्या गायरानासारखे आहेत : जमीन मर्यादित आणि मागणारे अनेक. अमेरिकन सरकारने १५० ते ५१२ मेगाहर्ट्‌झमधल्या बहुतेक वापरणाऱ्यांना १ जानेवारी २०१३ पर्यंत आपली वाहिनी २५ किलोहर्ट्‌झवरून साडेबारावर आणायला लावली. एका वाफ्याचे दोन वाफे केले. न्यूयॉर्क, बोस्टन, शिकागो अशा महानगरांत दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातला ४७० ते ५१२ हा तुकडा पोलीस-बंबवाले वापरीत आले आहेत. २०१२ च्या कायद्याने तो काढून घेऊन लिलावात विकण्याचे ठरवले होते. बरीच ओरड झाल्यावर २०२० च्या डिसेंबरात ते कलम रद्द झाले. आवाजाची जागासुद्धा भांडून राखावी लागते, हे आम्हा संघटनेच्या लोकांना नवीन नाही.

झीलकऱ्याचे काम

आता रिपीटर म्हणजे काय ते पाहू. हा शब्द इंग्रजी असला तरी त्याचे काम आपल्या परिचयाचे आहे. शाहीर पोवाडा गातो तेव्हा त्याच्यामागे झीलकरी उभे असतात. शाहिराने ओळ टाकली की झीलकरी ती उचलतात आणि वरच्या पट्टीत, खड्या आवाजात पुढे नेतात. शाहिराचा आवाज बसलेला असला तरी पटांगणाच्या शेवटच्या माणसापर्यंत ओळ पोचते. रिपीटर हा बिनतारी झीलकरी आहे. तो उंच जागी बसलेला असतो, त्याचा कान तीक्ष्ण असतो, त्याचे बळ दांडगे असते. हातातल्या संचातून आलेला क्षीण आवाज तो ऐकतो आणि त्याच क्षणी मोठ्या बळाने पुन्हा सोडतो.

झीलकरी पट्टी बदलतो तशी रिपीटरही बदलतो, आणि त्याला ते भागच आहे. ज्या कंप्रतेवर ऐकायचे त्याच कंप्रतेवर ओरडले, तर स्वतःच्याच ओरडण्याने स्वतःचे कान बधिर होतील. म्हणून दोन कंप्रता लागतात : ऐकण्याची एक, बोलण्याची दुसरी. अमेरिकेत ४५० च्या पट्ट्यात या दोहोंमध्ये ५ मेगाहर्ट्‌झचे अंतर ठेवतात, ८०० च्या पट्ट्यात ४५ चे. शिवाय यंत्राच्या तोंडाचा आवाज त्याच्या कानात शिरू नये म्हणून मध्ये गाळणी बसवतात. भलत्याच कोणाच्या आवाजाने झीलकरी जागा होऊ नये म्हणून एक खुणेचा सूरही ठेवलेला असतो. प्रत्येक संच बोलताना माणसाच्या आवाजाखाली एक मंद सूर सोडतो, सेकंदाला साधारण ६७ ते २५४ कंपनांचा. तो सूर ओळखीचा असेल तरच रिपीटर तोंड उघडतो.

मग प्रत्येक आगीत रिपीटरच वापरावा, असे कोणी म्हणेल. इथे जरा थांबावे लागते. रिपीटरच्या पद्धतीत सगळ्यांचे बोलणे एका यंत्राच्या हाती जाते. ते यंत्र बंद पडले की सगळेच मुके. आणि तळघरातला जवान रिपीटरच्या टप्प्याबाहेर गेला, तर दहा फुटांवर उभ्या असलेल्या सोबत्याशीसुद्धा त्याला त्या वाहिनीवर बोलता येत नाही, कारण सोबत्याचा संच झीलकऱ्याचा आवाज ऐकायला लावलेला असतो, शाहिराचा नाही. म्हणून बहुतेक दले दोन्ही सोयी ठेवतात : आगीच्या जागी संचाशी संच थेट बोलण्याची वाहिनी, आणि दूरच्या बोलण्यासाठी रिपीटरची वाहिनी.

थेट वाहिनीचेही दुखणे आहे. एका वेळी दोघे बोलले तर एफ.एम. पद्धतीत बळकट आवाज दुबळ्याला गिळून टाकतो. दोघेही सारखे असतील तर नुसती शिट्टी ऐकू येते. आता विचार करा, बळकट कोण आणि दुबळा कोण? जो दाराशी उभा आहे तो बळकट, आणि जो आत अडकला आहे तो दुबळा. म्हणजे ज्याची हाक ऐकण्याची सर्वांत जास्त गरज, तीच हाक पहिल्यांदा गिळली जाते. न्यू जर्सी राज्यातल्या हॅकेनसॅक गावी १ जुलै १९८८ रोजी मोटारगाड्यांच्या एका दुकानाला आग लागली, छप्पर कोसळले आणि पाच बंबवाले मेले. त्यांपैकी दोघे अडकलेल्या जागेतून बिनतारी संचावर मदत मागत होते. पण एकाच वाहिनीवर सगळ्या कामाची गर्दी होती, आणि त्यांची हाक वेळेत उमगली नाही.

दोन मनोरे आणि दोन बटणे

आता न्यूयॉर्ककडे वळू. तिथल्या जागतिक व्यापार केंद्राचे दोन मनोरे एकशेदहा मजल्यांचे होते. २६ फेब्रुवारी १९९३ रोजी त्यांच्या तळघरात बाँबस्फोट झाला. सहा माणसे मेली, हजाराहून अधिक जखमी झाली. त्या दिवशी बंबवाल्यांचे संच फार अपुरे ठरले. कारणे दोन, आणि दोन्ही आपण आताच पाहिली : लोखंड-काँक्रीटचे असंख्य मजले लहरींना ओलांडता आले नाहीत, आणि एका थेट वाहिनीवर इतकी पथके बोलू लागली की कोणाचेच काही कळेना.

या अनुभवावरून धडा घेतला गेला, हे मान्य केले पाहिजे. इमारतींची मालकी असलेल्या पोर्ट अथॉरिटीने १९९४ साली अग्निशामक दलासाठी खास रिपीटर बसवला. त्याची वाहिनी सातव्या क्रमांकाची. तो सदैव चालू ठेवावा, असे पोर्ट अथॉरिटीचे म्हणणे होते. दलाने मात्र गरज पडेल तेव्हाच चालू करावा असा आग्रह धरला, कारण त्या वाहिनीमुळे मॅनहॅटनच्या दक्षिण भागातल्या दलाच्या इतर कामात अडथळा येण्याची भीती होती. ही भीती खुळेपणाची नव्हती. गायरान लहान असल्याचा तो परिणाम होता. प्रारंभी रिपीटर चालू करण्याचे काम पाच क्रमांकाच्या इमारतीतल्या पोर्ट अथॉरिटी पोलिसांकडे होते. २००० सालच्या वसंतात दलाच्या मागणीवरून त्याची बटणे दोन्ही मनोऱ्यांच्या तळमजल्यावरच्या अग्निसुरक्षा टेबलावर आली, आणि ती दाबण्याची सगळी जबाबदारी दलाकडे आली.

टेबलावरच्या पेटीला बटणे दोन होती. पहिले दाबले की रिपीटर जागा होई, आणि जवानांचे संच सातव्या वाहिनीवर एकमेकांशी बोलू शकत. दुसरे दाबले की टेबलावरच्या मुख्य फोनवरून बोलता येई. यापलीकडे यंत्रात काही गूढ नव्हते.

११ सप्टेंबर २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी उत्तर मनोऱ्यावर विमान आदळले. ८ वाजून ५४ मिनिटांनी तळमजल्यावर कोणीतरी पहिले बटण दाबले. कोणी ते चौकशीतही उलगडले नाही. ९ वाजून ३ मिनिटांनी दुसरे विमान दक्षिण मनोऱ्यावर आदळले. ९ वाजून ५ मिनिटांनी उत्तर मनोऱ्यातल्या अधिकाऱ्यांनी रिपीटरची चाचणी घेतली. एक अधिकारी टेबलावरच्या फोनवर, दुसरा हातातल्या संचावर. दुसरे बटण दाबलेलेच नव्हते, त्यामुळे फोनवरचा आवाज बाहेर जाईना. संचावरून येणारा आवाजही फोनवर ऐकू येईना. कदाचित काही बिघाड असेल, कदाचित पेटीचा आवाज नेहमीप्रमाणे बारीक केलेला असेल. वर आग, भोवती कोलाहल, हजारो माणसे जिन्यांवर. अधिकाऱ्यांनी निष्कर्ष काढला की यंत्र मेलेले आहे, आणि ते जुन्या थेट वाहिनीवर गेले.

यंत्र मेलेले नव्हते. दक्षिण मनोऱ्यात शिरलेल्या पथकांपैकी काहींनी तीच सातवी वाहिनी वापरली. त्यांत बटालियन चीफ ओरिओ पामर होते. बिनतारी संदेशवहनाचे जाणकार म्हणून दलात त्यांची ख्याती होती. ते ७८ व्या मजल्यापर्यंत चढले. तिथून त्यांनी खाली कळवले की आगीचे दोन सुटे पट्टे दिसत आहेत, आणि पाण्याच्या दोन नळ्या मिळाल्या तर त्या आटोक्यात आणता येतील. त्यांचा शब्द खालपर्यंत पोचत होता. पुढे पाच क्रमांकाच्या इमारतीत ध्वनिफीत सापडली, तिच्यावर हे बोलणे नोंदलेले आहे. ९ वाजून ५९ मिनिटांनी दक्षिण मनोरा कोसळला. पामर आणि त्यांचे सोबती परत आले नाहीत.

त्यानंतर लगेच उत्तर मनोऱ्यातल्या जवानांना 'खाली या' असा हुकूम थेट वाहिनीवरून देण्यात आला. काहींनी तो ऐकला आणि ते उतरले. काहींना तो ऐकूच आला नाही. काहींनी ऐकला, पण शेजारचा मनोरा पडला आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून घाईचे कारण कळले नाही. कित्येक जण सुट्टीवर असूनही धावून आले होते. त्यांच्याजवळ संचच नव्हते. पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून मनोऱ्याची स्थिती दिसत होती आणि पोलीस आपल्या वाहिनीवर तसे इशारे देत होते. पण बंबवाल्यांची वाहिनी वेगळी. १० वाजून २८ मिनिटांनी उत्तर मनोराही कोसळला. त्या सकाळी न्यूयॉर्क अग्निशामक दलाचे ३४३ जण मेले.

दोष कोणाचा?

अशा वेळी यंत्राला दोष देणे सोपे असते, आणि माणसाला देणे त्याहून सोपे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चौकशी आयोगाच्या अहवालाने दोन्ही टाळले. संचांचा तांत्रिक अपुरेपणा हे एक कारण होते, पण उत्तर मनोऱ्यातल्या मृत्यूंचे ते मुख्य कारण नव्हते, असे आयोगाने स्पष्ट म्हटले. तेव्हा दुसरे बटण दाबले असते तर सगळे वाचले असते, असे भाबडे विधान मी आपल्यापुढे करणार नाही.

पण कामगार-संघटकाच्या नजरेने पाहिले तर त्या दुसऱ्या बटणात मला फार मोठी गोष्ट दिसते. यंत्र विकत घेतले गेले होते. बसवले गेले होते. चालतही होते. उणीव होती ती त्याच्या भोवतीच्या रिवाजात : ते कोणी चालू करायचे, चालू झाल्याची खूण काय, आणि दर महिन्याला दहा मिनिटे काढून ते हाताळून पाहायचे की नाही. ज्या यंत्राची गरज आठ वर्षांतून एकदा पडते त्याचा हात बसावा तरी कसा? मी काम केलेल्या एका कारखान्यात आगीची घंटा उत्तम होती. मात्र तिच्या कपाटाची किल्ली रात्रपाळीला कोणाकडे असते हे रात्रपाळीच्या एकाही कामगाराला सांगता येत नव्हते. आम्ही संघटनेतर्फे मागणी केली ती नव्या घंटेची नव्हे. किल्ली काचेमागे भिंतीवर टांगा आणि दर पाळीला दोघांना दाखवा, एवढीच. त्याला खर्च आला एका खिळ्याचा.

न्यूयॉर्कचीच आणखी एक हकिकत सांगतो. २००१ च्या मार्चमध्ये, म्हणजे त्या सकाळच्या सहा महिने आधी, तिथल्या जवानांना नवे अंकीय पद्धतीचे संच वाटण्यात आले. आठवडाभरात ते परत घ्यावे लागले, कारण एका घराच्या आगीत अडकलेल्या जवानाची हाक बाहेरच्या सोबत्यांना नीट ऐकू आली नाही. खऱ्या आगीसारख्या परिस्थितीत पुरेशी चाचणी न घेता संच वाटले, अशी टीका झाली. म्हणून सप्टेंबरात जवान मनोऱ्यांत शिरले ते जुनेच संच घेऊन, १९९३ साली अपुरे ठरलेले.

अंकीय पद्धत वाईट आहे असे मी म्हणत नाही. ती आवाजाचे आकडे करते, आकडे पाठवते, पलीकडे पुन्हा आवाज करते. साध्या खोलीत ती साफ ऐकू येते. पण बंबवाला साध्या खोलीत बोलत नाही. त्याच्या तोंडावर श्वासाचा मुखवटा, शेजारी करवतीचा आवाज, कमरेला धोक्याची घंटा. माणसाचा आवाज कोणता आणि करवतीचा कोणता, हे आकडे करणाऱ्या यंत्राला कळेनासे होते. २००८ साली अमेरिकन सरकारच्या प्रयोगशाळेने अशाच गोंगाटात दोन्ही पद्धती तपासल्या. काही प्रकारच्या गोंगाटात अंकीय संचावरचे शब्द जुन्या पद्धतीपेक्षा कमी समजतात असे आढळले. मुखवट्याआडून बोलून पाहा, असे खरेदीच्या आधीच म्हणायला हवे होते. आणि ते म्हणू शकणारा माणूस म्हणजे मुखवटा घालणारा माणूस. अमेरिकेतील बंबवाल्यांचा संघ १९१८ साली स्थापन झाला. संघटना पगारवाढ मागते हे सर्वांना दिसते. हत्यार घेण्याआधी आम्हाला विचारा हे तिचे मागणे कमी दिसते, पण माझ्या मते ते तितकेच मोलाचे आहे.

पुढे काय झाले

त्या सकाळनंतर न्यूयॉर्कच्या दलाने उंच इमारतींसाठी एक नवा संच वापरात आणला. तो पेटीसारखा उचलून नेता येतो, त्याचे बळ ४५ वॅट, आणि तो इमारतीतल्या कुठल्याही बटणावर अवलंबून नाही. अधिकारी तो स्वतःबरोबर आत नेतो. उपाय साधा आहे, आणि साधा म्हणूनच मला आवडतो. झीलकरी गावात मिळेल की नाही याची चिंता नको; शाहिराने तो बरोबरच आणावा.

दुसरा उपाय इमारतींच्या कायद्याचा. न्यूयॉर्कच्या २०१४ च्या इमारत-नियमांनी नव्या उंच इमारतींत बंबवाल्यांसाठी बिनतारी साहाय्यक यंत्रणा बसवणे मालकावर बंधनकारक केले. अमेरिकेत अनेक ठिकाणी मान्य असलेल्या आदर्श अग्निनियमांत, प्रत्येक मजल्याच्या ९५ टक्के जागेत बंबवाल्याचा संच चालला पाहिजे, असा दंडक घातलेला आहे. यासाठी मजल्यामजल्यावर लहान आकाशक बसवतात, किंवा जिन्याच्या पोकळीतून एक खास तार सोडतात. तिच्या वेष्टणाला मुद्दाम फटी ठेवलेल्या असतात. शेतातल्या ठिबकच्या नळीतून पाणी झिरपावे तशा त्या तारेतून लहरी वाटेवर झिरपत जातात. ज्याने लोखंडाचा पिंजरा बांधला त्यानेच त्यात आवाजाची वाट ठेवावी, हे तत्त्व मला न्याय्य वाटते. चाळीस मजले विकून नफा घ्यायचा आणि तिथली हाक पोचवण्याचा खर्च दलाच्या माथी मारायचा, हे चालू नये.

तिसरा उपाय सरकारचा. २०१२ च्या ज्या कायद्याने जुना तुकडा काढून घेण्याचे ठरवले होते, त्यानेच पोलीस, बंबवाले आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी ७०० च्या पट्ट्यात २० मेगाहर्ट्‌झ राखून देशव्यापी जाळे उभारण्याची तरतूद केली. एकाने पाहिलेला धोका दुसऱ्याला कळावा, हा त्यामागचा हेतू.

आपण काय विचारावे

श्रोतेहो, आपल्या शहरांतही आता तीस-तीस, चाळीस-चाळीस मजली इमारती उभ्या राहत आहेत. त्यांत आपली मुले राहतात, कार्यालये भरतात, तळघरांत गाड्या उभ्या असतात. घर घेताना आपण पाण्याचे विचारतो, लिफ्टचे विचारतो, गाडीच्या जागेचे विचारतो. यापुढे आणखी तीन प्रश्न विचारावे, अशी माझी विनंती आहे. बंबवाल्याचा संच या इमारतीच्या तळघरात आणि जिन्यात चालतो का, आणि कोणी चालवून पाहिला आहे? साहाय्यक यंत्रणा असेल तर ती कोण चालू करतो, आणि तो रजेवर असेल त्या रात्री कोण? आणि शेवटची चाचणी झाली ती कोणत्या तारखेला? उत्तरे लेखी मागावी. तोंडी उत्तराची गती आमच्या अनुभवाने आम्हाला पुरेशी माहीत आहे.

नगरसेवक मते मागायला येतील तेव्हा त्यांनाही विचारावे : दलासाठी संच घेताना आगीत जाणाऱ्या जवानांपैकी किती जणांना ते आधी वापरायला दिले होते? हा प्रश्न तांत्रिक नाही, म्हणून त्याला तांत्रिक उत्तर देऊन सुटता येत नाही.

बिनतारी यंत्राने माणसाची हाक भिंतीपलीकडे नेली, हा विज्ञानाचा मोठाच पराक्रम आहे. पण हाक पोचली की नाही हे यंत्र सांगत नाही. ते ऐकणाऱ्या माणसाने 'पोचली' असे उलट सांगून कळवायचे असते, आणि उत्तर आले नाही तर पुन्हा हाक मारायची असते. आगीच्या ठिकाणी हा नियम बंबवाले पाळतात. नगरीने त्यांच्या बाबतीत तोच पाळावा. त्यांनी हत्यारांबद्दल, चाचण्यांबद्दल, इमारतींच्या नियमांबद्दल काही सांगितले, तर 'पोचली' एवढे तरी उत्तर त्यांना आपल्याकडून मिळाले पाहिजे. आणि उत्तर दिले की कामाला लागले पाहिजे.